शोधणाऱ्यांना थांबू द्या: मंडळीच्या पाळकांना आणि वडिलांना खुले पत्र

प्रति,
ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू, वडील (म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि वचनाची सेवा करणारे सर्व बंधुभगिनी यांस,

उठलेल्या प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

ईस्टरच्या सकाळी आपण सगळे मिळून म्हणतो, ‘प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे.’ ते म्हणताना आजही माझा ऊर भरून येतो. पण सोमवार उजाडला की ही घोषणा कुठे जाते, हे मला आपल्याला विचारायचे आहे. वर्षाच्या उरलेल्या रविवारी आपण कुटुंबाविषयी, दानाविषयी, सहनशीलतेविषयी, मोहांविषयी उपदेश करता. ते सांगायलाच हवे. मात्र जो जिवंत आहे त्याला आज शोधायचे कसे, तो सापडत नाही असे वाटते तेव्हा काय करायचे, त्याच्या भेटीची आस लागलेल्या माणसाने कुणाकडे जायचे, याविषयी मंडळीत फार थोडे बोलले जाते. पुनरुत्थान आपण मान्य केले आहे, विश्वासांगीकारात दर वेळी म्हणतो, आणि म्हणून तो विषय मिटला असे जणू आपण धरून चाललो आहोत.

तो मिटलेला नाही. आपल्यासमोर बाकांवर बसलेल्यांपैकी कित्येक जण उठलेल्या ख्रिस्ताला मनापासून शोधत आहेत. ते बोलत नाहीत, कारण ‘मी अजून शोधतो आहे’ असे म्हटले तर विश्वास कच्चा ठरेल अशी त्यांना भीती वाटते. या माणसांची बाजू मांडण्यासाठी हे पत्र आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय आपल्याला पाठ असेल. तरी तो माझ्याबरोबर पुन्हा एकदा सावकाश वाचावा, ही विनंती. अजून अंधार आहे आणि मग्दालीया मरीया कबरेकडे निघाली आहे. जिवंत प्रभूला भेटायला ती निघालेली नाही. तिला एका मृतदेहाजवळ जायचे आहे. धोंड काढलेली दिसताच ती धावत पेत्राकडे आणि येशूची ज्याच्यावर प्रीती होती त्या शिष्याकडे जाते. ते दोघे धावत येतात. तागाची वस्त्रे पडलेली दिसतात, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला दिसतो. तो दुसरा शिष्य पाहतो आणि विश्वास ठेवतो. मग योहान एक साधे वाक्य लिहितो: ते शिष्य पुन्हा आपल्या घरी गेले.

मरीया गेली नाही. ती कबरेबाहेर रडत उभी राहिली.

या ठिकाणी मी दर वेळी अडते. ज्याने विश्वास ठेवला तो घरी गेला. जिला काहीच उमगले नव्हते ती थांबली, आणि प्रभू सर्वांत आधी तिला भेटला. तिच्यापाशी नीट शिकवण नव्हती. दोन देवदूत बोलले तरी तिचे रडे थांबले नाही, त्यांनाही तिने आपल्या प्रभूला कुणीतरी नेले एवढेच सांगितले. प्रत्यक्ष येशू पुढे उभा राहिला तर तिला तो माळी वाटला, आणि त्या माळ्यालाच ती म्हणाली की तुम्ही त्याला नेले असेल तर कुठे ठेवले ते सांगा, मी त्याला घेऊन जाईन. प्रौढ पुरुषाचा तो देह निकदेमाने दफनासाठी आणलेल्या गंधरस-अगरूच्या मिश्रणासह गुंडाळलेला होता. ते मिश्रणच सुमारे 100 रोमी रत्तल, म्हणजे आजच्या मापाने 30 किलोंहून अधिक होते. एकटी बाई ते सगळे कसे उचलणार होती? तिने तो विचारच केला नव्हता. तिला तो हवा होता, बस्स. आणि मग त्याने तिला नावाने हाक मारली.

पाळकहो, आपल्या मंडळीत आज अशी मरीया उभी असेल तर आपण तिला काय सांगाल? मी जे ऐकले आहे ते सांगते. ‘रडू नका, विश्वास ठेवा, तो उठला आहे.’ सांत्वन म्हणून हे शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांचा अर्थ पुष्कळदा ‘आता घरी जा’ असा होतो. मरीयेला कुणी असे घरी धाडले असते तर पहिली साक्ष कुणी दिली असती? पश्चिमेकडच्या मंडळीने तिला पुढे ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हटले, आणि 2016 मध्ये रोमन कॅथॉलिक चर्चने 22 जुलै या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचाच दर्जा दिला. हा मान तिला मिळाला तो प्रभूने तिला आपल्या भावांकडे पाठवले म्हणून, आणि पाठवण्यासाठी ती तिथे सापडली ती थांबली म्हणून.

मार्कानेही त्या पहाटेची एक गोष्ट टिपली आहे आणि ती मला फार प्रिय आहे. सुगंधद्रव्ये घेऊन निघालेल्या स्त्रिया वाटेत एकमेकींना विचारत होत्या, आपल्यासाठी कबरेच्या तोंडावरून धोंड कोण लोटील? धोंड फार मोठी होती. त्यांच्याकडे उत्तर नव्हते आणि तरी त्या चालत होत्या. उत्तर मिळाल्यावर निघू, असे त्यांनी म्हटले असते तर त्या घरीच राहिल्या असत्या. आज कुणाच्या वाटेत विज्ञानाच्या प्रश्नाची धोंड असते, कुणाच्या वाटेत अकाली गेलेल्या लेकराची. आधी धोंड बाजूला करा आणि मग या, अशी अट आपण घालू नये. त्या स्त्रिया पोहोचल्या तेव्हा ती लोटलेली होती.

पुराव्यांविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण विश्वास म्हणजे डोळे मिटणे असे मी मानत नाही. पौलाने करिंथकरांस पहिले पत्र साधारण इ.स. 55 च्या सुमारास लिहिले, म्हणजे वधस्तंभानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्यात तो म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुम्हाला सोपवले, आणि मग साक्षीदार मोजतो: केफा, म्हणजे पेत्र, बारा जण, एकाच वेळी 500 हून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक तेव्हाही हयात होते, मग याकोब, मग सगळे प्रेषित, शेवटी तो स्वतः. तो पेत्राकडे यरुशलेमात 15 दिवस राहिला होता आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला होता. हा याकोब साधा साक्षीदार नव्हे. येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहान सरळ सांगतो. शिवाय चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम स्त्रिया पाहतात. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला वजन नव्हते. यहुदी इतिहासकार योसेफस तसे लिहून ठेवतो, आणि दुसऱ्या शतकातला टीकाकार केल्सस तर भ्रमिष्ट बाईच्या बोलण्यावर उभा राहिलेला धर्म म्हणून आपल्या विश्वासाची टर उडवतो. प्रेषितांनासुद्धा त्या स्त्रियांचे बोलणे बाष्कळ वाटले, हे लूकाने लपवलेले नाही. गोष्ट रचायची असती तर कुणी ती अशी रचली नसती.

हे सगळे तरुणांना शिकवावे, आणखी खोलात जाऊन शिकवावे. पण हे पटल्यावरही माणूस घरी जाऊ शकतो, त्या दोघा शिष्यांसारखा. ख्रिस्त उठला हे मला पटले आहे आणि ख्रिस्त मला भेटला आहे, या दोहोंमध्ये बरेच अंतर आहे, आणि त्या अंतरात चालणाऱ्यांना सोबत लागते. ती सोबत पुस्तकातून पुरी मिळत नाही. ती पाळकाकडून, वडिलांकडून, शेजारी बसणाऱ्या भावाबहिणीकडून मिळावी लागते.

थोमा या शिष्याचे उदाहरण आपण फार वाईट वापरले आहे. प्रभू इतर शिष्यांना भेटला तेव्हा तो तिथे नव्हता. शंका घेणारा म्हणून त्याच्या नावाला डाग लावला. पण त्याने मागितले तरी काय? प्रभूने आपले हात व कूस इतरांना आधीच दाखवली होती. त्यांना जे मिळाले तेच त्याला हवे होते. आठ दिवस तो ‘मी विश्वास धरणारच नाही’ असे म्हणत त्याच शिष्यांमध्ये राहिला. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही उठून गेला नाही. यात मला त्या दहा जणांचे मोठेपण दिसते, आणि त्याविषयी उपदेश ऐकायला मी उत्सुक आहे. आणखी एक बघा: आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला तेव्हाही दारे बंदच होती. ज्यांनी त्याला पाहिले होते त्यांनीही ती उघडलेली नव्हती. तरी तो आत आला, आणि संपूर्ण शुभवर्तमानातली सर्वांत उंच कबुली त्या शंकेखोराच्या तोंडून निघाली: ‘माझ्या प्रभू आणि माझ्या देवा!’

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात तर अकरा जण गालीलातल्या डोंगरावर त्याला नमन करतात आणि त्याच ओळीत लिहिले आहे की कित्येकांना संशय वाटला. येशूने काय केले? तो जवळ आला आणि त्यांनाच सर्व राष्ट्रांकडे पाठवले. संशय वाटणारे वेगळे काढून बाकीच्यांना त्याने आज्ञा दिली नाही. मग आपण कोणत्या अधिकाराने अशांना समितीतून, शब्बाथ शाळेतून, गायनवृंदातून हळूच बाजूला करतो?

अपराधाच्या ओझ्याने दबलेल्यांचेही तसेच. कोंबडा आरवण्याआधी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा पेत्र तिबिर्या समुद्रावर मचव्यात होता. जाळ्यात 153 मोठे मासे आले होते, किनारा सुमारे 200 हात दूर होता, आणि ‘प्रभू आहे’ एवढे कानावर पडताच त्याने अंगरखा घातला आणि पाण्यात उडी टाकली. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला होता. तसल्याच विस्तवाशी शेकत उभा असताना त्याने प्रभूला नाकारले होते. ज्याने सर्वाधिक लाजायचे तो सर्वांच्या आधी धावला. मंडळीत मला याच्या उलट दिसते. जो पडला तो मागच्या बाकावर जातो, मग दाराजवळ, मग येणेच बंद करतो. त्याला उडी टाकायचे धैर्य यावे असे काहीतरी आपल्या आवाजात, आपल्या शिस्तीत, आपल्या नजरेत असायला हवे. प्रभूने त्याला हिशेब विचारला नाही. आधी खाऊ घातले, मग ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ असे तीनदा विचारले, आणि प्रत्येक वेळी आपली मेंढरे त्याच्या हाती दिली.

उत्कटतेविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्यावरून आपल्यात वाद होतात. काही मंडळ्यांना ती आरडाओरड वाटते, तर काहींना ती वाद्ये आणि आवाज वाढवून निर्माण करता येते असे वाटते. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांची उत्कटता कशी होती ते पाहावे. क्लयपा आणि त्याचा सोबती सुमारे अकरा किलोमीटरची वाट म्लान चेहऱ्याने चालत होते. ‘आम्हाला आशा होती,’ असे ते म्हणत होते. त्या अनोळखी वाटसरूने त्यांची कानउघाडणी केली आणि मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगितले. तेव्हा त्यांचे अंतःकरण आतल्या आत पेटत होते, पण ते त्यांना नंतर कळले. गाव जवळ आले तेव्हा त्याने पुढे जाण्याचा रोख दाखवला. त्या दोघांनी त्याला आग्रह करून थांबवले: आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत चालली आहे.

त्यांनी तो आग्रह केला नसता तर? शास्त्राचा उत्तम अभ्यास झाला असता आणि पाहुणा पुढे निघून गेला असता. भाकर मोडली गेली नसती, डोळे उघडले नसते. उठलेला ख्रिस्त स्वतःला लादत नाही, त्याला आग्रह केलेला आवडतो, असे मी या गोष्टीतून शिकते. हीच विश्वासाची उत्कटता. ती शांत माणसातही असते आणि दमलेल्या माणसातही. ओळख पटली त्याच घटकेला ते दोघे उठून तेवढीच वाट चालत यरुशलेमेस परत गेले, रात्रीचे. आपल्या पंथात प्रभुभोजन दर आठवड्याला होत असो की महिन्यातून एकदा, भाकर मोडण्याआधी मंडळीला हा आग्रह करायला शिकवा. ‘आमच्याबरोबर राहा’ हे आपण सर्वांनी खरोखर म्हणावे, आणि ते म्हणायला पुरेसा वेळ शांतता असावी. सूचना आणि जाहिराती नंतरही सांगता येतील.

सापडला की शोध संपतो, असेही आपण शिकवू नये. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पौलाला प्रभू भेटला होता, आणि तरी पुष्कळ वर्षांनी बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिताना तो म्हणतो की मला त्याची आणि त्याच्या पुनरुत्थानाच्या सामर्थ्याची ओळख करून घ्यायची आहे, मी ते मिळवून चुकलो असे नाही, पण मी धावतो आहे. त्याच श्वासात तो ख्रिस्ताच्या दुःखांची भागी होण्याविषयी बोलतो. दिमिष्काच्या वाटेवर ऐकलेले ‘तू माझा छळ का करतोस?’ हे वाक्य त्याच्या मनातून कधी गेले नसावे. शौल, म्हणजे तेव्हाचा पौल, छळत होता मंडळीला, आणि उठलेला प्रभू म्हणत होता, मला. त्यामुळे ख्रिस्ताला शोधायला निघालेल्या माणसाला आपण आजाऱ्याच्या खाटेपाशी, तुरुंगात, भुकेल्याच्या दारात नेले तर ती समाजसेवा म्हणून वेगळी मोजू नये. त्याने स्वतःचा पत्ताच तिथला दिला आहे.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने इ.स. 112 च्या सुमारास सम्राट त्राजानाला कळवले की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. म्हणजे ज्या घटकेला त्या स्त्रिया निघाल्या, त्याच घटकेला. ख्रिस्ती लेखक जस्टिन शहीद दुसऱ्या शतकाच्या मध्यावर लिहितो की आम्ही रविवारी जमतो, कारण त्या दिवशी येशू मेलेल्यांतून उठला. इ.स. 325 मध्ये नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तर असा नियम केला की रविवारी आणि ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत प्रार्थना गुडघे न टेकता उभे राहून करावी. प्रत्येक रविवार त्यांच्यासाठी पुनरुत्थानाचा होता. आपण त्याचा वर्षातून एक सण करून ठेवला.

प्रकटीकरणातले एक वचन आपण सुवार्तेच्या सभांत बाहेरच्या लोकांना ऐकवतो: पाहा, मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे. ते मुळात लिहिले गेले लावदिकीया येथल्या मंडळीला, जी स्वतःला धनवान समजत होती, जिला कशाची उणीव भासत नव्हती. उठलेला ख्रिस्त आपल्याच मंडळीच्या दाराबाहेर उभा होता आणि आत उपासना चालू होती. हे वाचताना मला भीती वाटते आणि आशाही वाटते, कारण तो ठोकत होता.

आता माझ्या विनंत्या. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी थोमाचा उतारा वाचावा आणि त्या दिवशी मंडळीतल्या एखाद्या शोधणाऱ्याला बोलू द्यावे, ज्याची साक्ष अजून अर्धीच आहे अशाला. शेवट गोड करण्याची अट घालू नये. ईस्टर ते पन्नासावा दिवस हे सात आठवडे उठलेल्या प्रभूच्या भेटींचेच वाचन करावे. शुभवर्तमानांच्या शेवटच्या अध्यायांत, प्रेषितांच्या कृत्यांत आणि पौलाच्या पत्रांत त्यासाठी भरपूर आहे. त्या दिवसांत उभे राहून प्रार्थना करावी, जुन्या रीतीने, आणि का उभे राहतो ते मुलांना सांगावे. उपासना संपल्यावर दिवे लगेच मालवू नयेत. ज्याला बसायचे आहे, रडायचे आहे, विचारायचे आहे, त्याच्याजवळ एक वडील थांबावेत, उत्तर देण्याची घाई न करता. आणि स्त्रियांनी काही पाहिले असे त्या सांगू लागल्या तर त्यांचे बोलणे बाष्कळ ठरवण्याआधी लूकाचा चोविसावा अध्याय उघडावा.

पाळक म्हणून आपणही शोधत असाल, हे मी जाणते. दर रविवारी इतरांसाठी बोलणाऱ्याला स्वतःसाठी कबरेपाशी थांबायला वेळ मिळत नाही. तसे असेल तर मंडळीला सांगा. आम्ही आपल्यासाठी प्रार्थना करू आणि एखादा रविवार आपल्याऐवजी वचन वाचण्याची जबाबदारीही घेऊ. यातली कोणती गोष्ट आपल्या मंडळीत या वर्षी सुरू करता येईल ते वडिलांच्या बैठकीत ठरवून आम्हाला कळवावे. कामाला हात आम्ही देऊ.

ख्रिस्तात आपली,
मंडळीतली एक बहीण